पाच लाखांच्या कार्डात कान बसत नाही

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर फलटण तालुक्यात ऊस वाढला आणि उसामागोमाग कारखाने आले. साखरवाडीचा जुना, फलटणचा श्रीराम, नंतरचे कापशीचे आणि उपळव्याचे. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने रात्रंदिवस चाके फिरत राहतात. साखर कारखाना कुठलाही असो, मिल, टर्बाइन, बॉयलरचे पंखे आणि सेंट्रिफ्यूगल यांच्यामध्ये उभ्या माणसाला शेजारच्याशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. नवा कामगार पहिली पाळी करून घरी जातो तेव्हा रात्री उशीवर डोके टेकल्यावरही कानात वाजत राहते. काही आठवड्यांनी त्याला ते जाणवेनासे होते. सवय झाली, असे तो म्हणतो.

तीस हंगामांनंतर त्या सवयीची किंमत समोर येते, आणि तेव्हा ती भरायला कोणी उरलेले नसते. फलटणच्या बाजारात, बँकेत, दवाखान्यात डाव्या हाताचा पंजा कानामागे धरून समोरच्याच्या ओठांकडे बघणारे निवृत्त पुरुष कमी नाहीत. म्हातारपणी ऐकू कमी येणारच, असे म्हणून घर आणि गाव तो विषय संपवते. खरे तर त्या बहिरेपणात वयाचा वाटा किती आणि कामाचा किती, हे कोणी मोजलेलेच नसते.

कायद्याला हे ठाऊक नाही, असे मात्र म्हणता येत नाही. श्रमसंहिता येईपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांची माहिती सरकारला देणे बंधनकारक आहे अशा रोगांच्या यादीत, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा होता. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. आठ तासांच्या पाळीला भारतात ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था ८५ ची शिफारस करते. हा फरक कागदावर पाचाचा दिसतो, पण डेसिबलच्या मोजणीत तीनाची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट. मग अंमल कसा झाला? नागपूरच्या तेव्हाच्या राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात एक वाक्य आहे, ते वाचून थांबावेसे वाटते: हा आजार भारतात १९४८ पासून भरपाईस पात्र आहे, पण पहिल्या कामगाराला भरपाई मिळाली ती १९९६ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षे. त्या काळात एकट्या मुंबईच्या गिरणगावात सातारा, सांगली, कोकणातून गेलेल्या साचेवाल्यांच्या दोन पिढ्या मागांच्या खडखडाटात उभ्या राहिल्या, १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या आणि माणसे कान गमावून माण-खटावच्या घरी परतली.

भरपाईचा दावा सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत करायचा असतो. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात. अपघातात बोट तुटले तर तारीख ठरलेली असते. कान मात्र कुठल्याही एका तारखेला जात नाही. तो दर हंगामाला थोडा थोडा जातो, आणि सून "बाबा, किती वेळा सांगायचं?" म्हणू लागते तेव्हा कामगार निवृत्त होऊन सात-आठ वर्षे झालेली असतात. नोकरीला लागताना आणि सोडताना कानाची तपासणी झालेली नसते, त्यामुळे पुरावा म्हणून त्याच्याकडे दाखवायला काही नसते.

निवृत्तीनंतर त्याच्या हातात काय येते ते पाहू. बहुतेक साखर कामगारांची पेन्शन म्हणजे भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची योजना, लोकांच्या तोंडी 'फंडाची पेन्शन'. तिचे सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पण त्या पगारावर टाळे आहे. सप्टेंबर २०१४ पर्यंतच्या नोकरीला ६,५०० रुपयांचे आणि नंतरच्या नोकरीला १५,००० रुपयांचे. समजा, एखादा फिटर १९९५ च्या अखेरीस लागला आणि २०२५ मध्ये निवृत्त झाला. पहिल्या एकोणीस वर्षांचे साधारण १,७६० रुपये, पुढच्या अकरा वर्षांचे २,३५० आणि वीस वर्षांहून जास्त नोकरीबद्दलची दोन वर्षांची सवलत धरून सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास. त्याच्या आधी निवृत्त झालेल्यांचे आकडे याहून खूप लहान आहेत. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबली आहे आणि तिला महागाई भत्ता नाही. ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समिती, जिचे मुख्यालय आपल्याच बुलढाण्यात आहे, ती वर्षानुवर्षे ७,५०० रुपये, महागाई भत्ता आणि पती-पत्नीला मोफत वैद्यकीय सेवा मागत आली आहे. यातल्या तिसऱ्या मागणीबद्दल वर्तमानपत्रांत सर्वांत कमी छापून येते.

कर्मचारी राज्य विमा योजनेत एक चांगली तरतूद आहे. तिच्यात किमान पाच वर्षे असलेला कामगार निवृत्त झाला की वर्षाला अवघे १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. निवृत्तांसाठी इतके स्वस्त आरोग्यछत्र विरळाच. पण १९४८ च्या त्या कायद्याने 'हंगामी कारखाना' वगळला, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गूळ नावानिशी आहेत. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांना बाहेरच ठेवले आहे. म्हणजे आयुष्यभर ज्याने देशाची साखर केली, त्याला त्या १२० रुपयांच्या छत्राखाली उभे राहता येत नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो हे खरे. पण देखभालीचे काम बाकीचे महिने चालते आणि कान तर बारा महिने त्याचेच असतात.

मग सरकारी कार्ड. इथे सरकारांना श्रेय द्यायला हवे, कारण गेल्या बारा-तेरा वर्षांत चित्र खरोखर बदलले. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आता ती शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्वांना आहे आणि केंद्राच्या योजनेशी जोडून मर्यादा पाच लाखांवर गेली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळू लागले. छातीत कळ आली, खुबा मोडला, कर्करोगाची गाठ निघाली, तर या कार्डांनी कित्येक घरांचे शेत वाचवले आहे.

पण ही कार्डे रुग्णालयाच्या खाटेभोवती आखलेली आहेत. रुग्ण दाखल झाला की खर्च, घरी गेला की सलाम. म्हातारपणाचा बराचसा खर्च मात्र खाटेबाहेर होतो: रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, कवळी, गुडघ्याचा पट्टा, आणि कानाचे मशीन. कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया योजनेत बसते, कारण त्यासाठी दाखल व्हावे लागते. वयाने किंवा गोंगाटाने गेलेला कान शस्त्रक्रियेने बरा होत नाही. आतल्या शंखातल्या सूक्ष्म पेशी मेल्या की परत येत नाहीत. त्यावर असलेला एकमेव रोजचा उपाय, श्रवणयंत्र, योजनेबाहेर. पाच लाखांच्या मर्यादेतले एकाही रुपयाचे कलम त्याला लागू पडत नाही.

वेगवेगळ्या निवृत्तांचे वेगवेगळे नशीब पाहिले की ही रचना किती अपघाताने झाली आहे ते दिसते. सैन्यातून निवृत्त झालेल्याला ईसीएचएसमधून मशीन मिळते. सातारा जिल्ह्यात तर घरटी फौजी असलेली गावे आहेत आणि साताऱ्यात पॉलिक्लिनिक आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनरला सीजीएचएसमधून ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई मिळते, मात्र ती केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत. दूर राहणाऱ्याला त्याऐवजी महिना १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेता येतो. एकाच आळीत राहणारे तीन म्हातारे घ्या, माजी सुभेदार, टपाल खात्यातला निवृत्त आणि मिलवरचा फिटर. तिघांचे कान सारखेच गेलेले. सुभेदाराला मशीन, टपालवाल्याला भत्ता, आणि ज्याचे कान कामाच्या गोंगाटाने गेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याला काही नाही.

अगदीच काही नाही असेही नाही. महाराष्ट्र सरकारने ६ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टी गाठलेल्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांपैकी गरजेची वस्तू घ्या आणि तीस दिवसांत पावती दाखवा. हेतू चांगला आहे. काठीला, चष्म्याला, पट्ट्याला ही रक्कम पुरते. पण श्रवणयंत्राचे नाव त्याच यादीत टाकणाऱ्याने बाजारातला भाव विचारला होता का, असा प्रश्न पडतो. एका कानाचे बरे डिजिटल यंत्र दहा-पंधरा हजारांच्या आसपास सुरू होते आणि लाखाच्या पुढेही जाते. जगातला बहुतांश बाजार सोनोव्हा, डिमांट, डब्ल्यूएस ऑडिओलॉजी, जीएन आणि स्टार्की या पाच कंपन्यांच्या हातात आहे. यंत्रावर जीएसटी नाही, ही एक दिलाशाची गोष्ट. तीन हजारांत मिळते ते खिशात ठेवायचे, वायरचे जुने मॉडेल किंवा ऑनलाइन विकला जाणारा नुसता ध्वनिवर्धक.

आणि इथेच बहुतेक घरांची फसगत होते. वयानुसार कान जातो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी उंच पट्टी जाते. स, श, फ, त, ठ, क ही व्यंजने त्या पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीत टिकून राहतात. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. औषधाच्या दुकानात 'सात', 'साठ' आणि 'आठ' यांत फरक उरत नाही. नातवंडांचे आणि बायकांचे बोलणे आधी हरवते, शेजारच्या जाड आवाजाच्या मित्राचे नीट कळते, मग घरचे म्हणतात, "यांना पाहिजे तेवढं बरोबर ऐकू येतं." हा आरोप महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक बहिऱ्या माणसाने ऐकलेला असतो, म्हणजे निदान त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. ध्वनिवर्धक सगळ्याच पट्ट्या सरसकट वाढवतो. पंखा, भांडी, मोटारसायकल, सगळे अंगावर येते आणि शब्द होता तिथेच राहतो. चार दिवसांत ते मशीन ट्रंकेत जाते आणि "आमच्या आबांना मशीन सहन होत नाही" असा निकाल लागतो.

खरे यंत्र प्रत्येक कानाच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखाप्रमाणे, पट्टीनिहाय बसवावे लागते. आधी मळ काढून कान तपासायचा, बंद खोलीत शुद्ध स्वरांची चाचणी करायची, कानाचा साचा घ्यायचा, यंत्र लावून पंधरा दिवसांनी परत बोलवायचे, पुन्हा जुळवायचे. मेंदूला नव्या आवाजांची ओळख व्हायला आठवडे लागतात. त्यातले सेल, तपकिरी, नारिंगी किंवा निळ्या पट्टीचे ते छोटे बटण, यंत्राच्या आकाराप्रमाणे एक ते तीन आठवडे चालतात. म्हणजे कानाचे मशीन ही विकत घेण्याची वस्तू कमी आणि मिळत राहण्याची सेवा जास्त आहे. फलटणच्या माणसाला ही सेवा तालुक्याबाहेर शोधावी लागली तर साताऱ्याला साठेक किलोमीटर, पुण्याला शंभरावर. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, त्याआधी अर्धे तिकीट. तिकिटाचा प्रश्न राज्याने सोडवला, तर बरोबर जाणाऱ्या मुलाचा रोजगार बुडतो. आणि पहिल्या फेरीत काम होत नाही.

मोठ्या शिबिरांचाही हाच अडसर आहे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान आणि अमेरिकेचे स्टार्की फाउंडेशन यांनी महाराष्ट्रात, शेजारच्या बारामतीतही, हजारो यंत्रे मोफत बसवली. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे आणि कानपूरची 'अलिम्को' ही सरकारी कंपनी तिच्यातून यंत्रे वाटते. ज्याला मिळाले त्याच्यासाठी ते मोलाचेच. पण मांडव उठला, साहेबांचे फोटो झाले, आणि तीन महिन्यांनी नळी घट्ट झाली किंवा शिट्टी वाजू लागली तर जायचे कुठे, याचे उत्तर त्या मांडवात नसते.

दुसरी वाट अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकण्यास जड' ठरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास लागतो. साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटना ३५ डेसिबलच्या पुढच्या ऱ्हासाला पुनर्वसनाची गरज मानते. पस्तीस आणि साठ यांच्या मधल्या पट्ट्यात ऐकू कमी येणारी पुष्कळ म्हातारी माणसे आहेत. ती कायद्याने धडधाकट आहेत. बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गेल्यावर खिडकीतून काय विचारले ते त्यांना कळत नाही, एवढेच.

डोळ्यांचे उदाहरण पाहिले की हे असेच असायला हवे होते असे नाही, हे लक्षात येते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गावोगाव पोचली, फुकट झाली, आणि चाळिशी लागली म्हणून कोणी लाजत नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला, तीस वर्षे उशिरा, आणि त्याचे नाव तालुक्यात किती जणांनी ऐकले आहे? मोतीबिंदू एका दिवसात उरकतो, आकडा लगेच अहवालात चढतो. कानाचे तसे नाही. शिवाय डोळा गेलेल्याबद्दल लोकांना दया येते, कान गेलेल्याचे हसू येते. आपल्या विनोदी नाटकांनी बहिऱ्या आजोबांवर किती टाळ्या घेतल्या आहेत, याचा हिशेब एकदा व्हायला हवा.

हसण्यावारी नेण्यासारखे हे राहिलेले नाही. 'लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये ऐकण्याच्या ऱ्हासाला सर्वांत वरच्या दोनांत ठेवले. यंत्र लावले की स्मृती टिकते, असे मात्र कोणी सरसकट सांगू नये. अमेरिकेतील तीन वर्षांच्या 'अचीव्ह' चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, सर्वांचा मिळून फरक दिसला नाही. आधीच जास्त धोक्यात असलेल्या वृद्धांच्या गटात मात्र घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. विक्रेते यातला दुसरा अर्धाच सांगतात.

श्रीमंत देशांनी हा प्रश्न सोडवला आहे, असे गृहीत धरणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तिथल्या मेडिकेअरच्या १९६५ च्या कायद्याने श्रवणयंत्रे स्पष्ट शब्दांत वगळली. २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ती समाविष्ट करणारे विधेयक मंजूर केले, पण पुढल्या वर्षी जो कायदा झाला त्यातून हा भाग गळून पडला. ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य आणि मध्यम ऱ्हासासाठीची यंत्रे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागली, एवढी सुटका झाली. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या पुण्या-साताऱ्याच्या आईवडिलांना तिथे कानाचा खर्च विचारून भारतातच मशीन करून आणावेसे वाटते, ते उगाच नाही. उलट, युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनने जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली तेव्हा पहिल्याच वर्षी 'मेड्रेस्को' नावाचे सरकारने आखलेले यंत्र फुकट दिले. आजही तिथे यंत्र, सेल आणि दुरुस्ती मोफत आहे. सरकार घाऊक खरेदी करते, त्यामुळे प्रत्येक यंत्र बाजारभावाच्या कितीतरी खाली पडते. पैसा ब्रिटनकडे तेव्हा नव्हता. मागणी एकवटून खरेदी करण्याची अक्कल होती.

खासगी विमा हा पर्याय फलटणच्या निवृत्ताला सुचवणारे खूप भेटतात. विमा नियामकाने २०२४ मध्ये पासष्टीनंतर पॉलिसी न देण्याची प्रथा मोडली, आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी आपल्याशी सल्लामसलत करा, असे कंपन्यांना बजावले. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. सगळे स्वागतार्ह. पण साडेचार हजारांच्या पेन्शनमधून नवरा-बायकोचा हप्ता भरायचा तर वर्षाची निम्मी पेन्शन किंवा त्याहून जास्त त्यातच जाईल. एवढे करून पॉलिसी उघडून पाहिली तर चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र बहुधा वगळलेल्या खर्चातच असतात. प्राप्तिकराची ८०-ड ची सवलत कर भरणाऱ्याला. फिटरला तिचा उपयोग शून्य.

तेव्हा मागणी नेमकी हवी. जन आरोग्य योजनेच्या पाच लाखांत पाच वर्षांतून एकदा कानाच्या यंत्राची तरतूद करावी. एका कानाला दहा हजार धरले तर दोन कानांचे वर्षाला चार हजार पडतात, म्हणजे वार्षिक मर्यादेच्या एक टक्क्याहूनही कमी. शिवाय हे पैसे खात्यात टाकून ग्राहकाला बाजारात सोडून देण्याची वयोश्रीची पद्धत इथे नको. पैसे सेवेला जोडावेत: तपासणी, साचा, यंत्र, दोन पुनर्भेटी आणि सेल. यंत्रांची खरेदी राज्याने एकत्र करावी. फलटणला उपजिल्हा रुग्णालय आहे; तिथे आठवड्यातून एक दिवस ऑडिओलॉजिस्ट बसला तर माण, खटाव आणि माळशिरसच्या पश्चिमेकडच्या गावांनाही तो पोचेल. अशी माणसे शिकवणाऱ्या संस्था राज्यात आहेत. मुंबईच्या नायर रुग्णालयात हे शिक्षण १९६० च्या दशकात सुरू झाले, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, पुण्यात भारती विद्यापीठ आहे. पदे मात्र तालुक्यापर्यंत आलेली नाहीत.

सगळ्यांना सगळे फुकट कुठून द्यायचे, हा प्रश्न विचारणारे विचारतील, आणि तो वाजवी आहे. उत्पन्नाची अट ठेवा, महागडे मॉडेल हवे त्याला वरचा फरक भरू द्या, वर्षभर एका जिल्ह्यात करून पाहा. सातारा त्याला योग्य आहे, कारण इथे मुले मुंबई-पुण्याला आणि म्हातारी माणसे गावी, ही विभागणी जुनी आहे. फोनवरचे बोलणे हा त्या दोन टोकांमधला मुख्य धागा, आणि तोच या म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही.

फलटणला खाटेपलीकडच्या या विचाराची परंपराही आहे. ज्यांच्या नावाने शहरात बालभवन चालते त्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची आशियातली पहिली शाळा सुरू केली. आजार बरा झाला की वैद्याचे काम संपले, असे मानणाऱ्या काळात त्या सांगत होत्या की उरलेल्या शरीरानिशी माणसाला रोजचा दिवस जगता यायला हवा. कार्ड योजनांच्या आखणीत त्यांचा हा विचार अजून शिरलेला नाही.

सुरुवात सरकारची वाट न पाहताही होऊ शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. रक्तदाब, साखर आणि छातीच्या फोटोच्या रकान्यांशेजारी ऑडिओमेट्रीचा रकाना घालायला कोणत्याही कारखान्याला अडचण नसावी. गोंगाटाच्या खात्यातल्या माणसाची तपासणी दर वर्षी हंगाम सुरू होण्याआधी, कान विसावलेले असताना करावी, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर सगळ्या ऑडिओग्रामची प्रत त्याच्या हाती द्यावी. कामगार संघटनांनी पुढच्या वेतन करारात एवढे कलम घालून घेतले, तरी भरपाईच्या दोन वर्षांच्या मुदतीत दाखवायला त्या माणसाकडे कागद असेल.